गोठले म्हणजे मेले का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांनी घरी पॉट आईस्क्रीम केले आहे, त्यांना बर्फात खडेमीठ का घालतात हे सांगायला नको. मिठामुळे बर्फाचे तापमान शून्याच्या खाली, जास्तीत जास्त उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि पॉटमधले दूध गोठते. जेम्स अर्नॉट हे इंग्रज वैद्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच मिश्रणाने स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठी गोठवीत असत. १८५१ साली लंडनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे उपकरण मांडलेले होते. गाठ आक्रसे, वेदना आणि रक्तस्राव कमी होई. रोग मात्र मुळातून जात नसे.

आज त्या मिश्रणाच्या जागी सुमारे दीड मिलिमीटर जाडीची पोकळ सुई आली आहे. ती कातडीतून थेट गाठीत जाते आणि टोकाभोवती बर्फाचा गोळा तयार होतो. हिला क्रायोसर्जरी म्हणतात. तिच्याविषयीच्या बातमीचा मासला ठरलेला असतो : चिरफाड नाही, टाके नाहीत, गाठीचा बर्फ झाला, कर्करोग संपला. यातील पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. पण ‘बर्फ झाला’ आणि ‘संपला’ यांच्यामध्ये एक पायरी गाळलेली असते. ती पायरी तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

उपकरण कसे घडले?

१९६१ साली न्यूयॉर्कचे मेंदूशल्यचिकित्सक आयर्व्हिंग कूपर आणि अभियंते अर्नॉल्ड ली यांनी उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन खेळवणारी बंद नळी तयार केली. फक्त टोक थंड आणि बाकी नळी उष्णतारोधक, ही त्यातली खुबी. कूपर ती पार्किन्सनच्या रोग्यांसाठी वापरीत. त्याच दशकात ती प्रोस्टेट ग्रंथीसाठीही वापरली जाऊ लागली आणि तिथे अडचण आली. बर्फ किती पसरला हे डॉक्टरांना दिसत नव्हते. गुदाशयात बोट घालून अंदाज बांधावा लागे. शेजारचा मूत्रमार्ग गोठून त्याचे अस्तर सडे, कधी गुदाशयाला भोक पडे. पद्धत मागे पडली. थंडी पुरेशी होती, नजर नव्हती.

नजर मिळाली ती १९८० च्या दशकात. गॅरी ऑनिक आणि बोरिस रुबिन्स्की यांनी दाखवले की, गोठलेल्या भागाची कड सोनोग्राफीत स्पष्ट दिसते. त्यानंतर मूत्रमार्गात कोमट पाणी खेळवणारी नळी ठेवून त्याचे रक्षण करण्याची युक्ती आली.

पुढे द्रवरूप नायट्रोजनच्या जोडीला उच्च दाबाचा अर्गॉन वायू आला. तो सुईच्या टोकाशी बारीक छिद्रातून सुटला की थंड होतो. रेणू दूर जाताना त्यांना परस्परांच्या आकर्षणाविरुद्ध कार्य करावे लागते आणि त्यांचा वेग घटतो. हा जूल-थॉमसन परिणाम. गंमत म्हणजे त्याच छिद्रातून हेलियम सोडला तर तो गरम होतो, कारण नेहमीच्या तापमानाला हेलियमच्या रेणूंमधले आकर्षण नगण्य असते आणि टकरींतल्या प्रतिकर्षणाचा वरचष्मा राहतो. म्हणून एकच सुई अर्गॉनने गोठवते आणि हेलियमने वितळवते. ‘वायू छिद्रातून सुटला की थंड होतो’ असे आपण वर्गात सरसकट सांगतो. ते अर्धेच खरे आहे.

अभियांत्रिकी म्हणून हे काम उत्तम आहे, यात शंका नाही. आक्षेप पुढे आहे.

कडेचे गणित

बर्फाच्या गोळ्याची कड म्हणजे जवळजवळ शून्य अंशाची रेषा. शून्याला पेशी मरत नाहीत. शून्य ते उणे २० या पट्ट्यात पुष्कळ पेशी तग धरतात. तिथे बर्फ पेशींच्या बाहेर तयार होतो, उरलेले द्रावण खारट होत जाते आणि पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. पेशी आक्रसते, पण वितळल्यावर पुन्हा उभी राहू शकते. सुईजवळ गोठणे फार जलद होते, तिथे पेशीच्या आतच बर्फ होतो आणि ती बहुधा वाचत नाही. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावून रक्तपुरवठा बंद पडतो. अँड्र्यू गेज आणि जॉन बॉस्ट या अभ्यासकांनी कर्करोगासाठी निदान उणे ४० ते ५० अंश, जलद गोठवणे, सावकाश वितळवणे आणि हे चक्र पुन्हा करणे, असा आग्रह धरला तो यासाठी.

आता साधे गणित करू. गोळ्याचा व्यास ३ सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या १५ मिलिमीटर. खात्रीने मारणारी सीमा कडेपासून ५ मिलिमीटर आत आहे असे धरू. तिची त्रिज्या १० मिलिमीटर. घनफळे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतात, म्हणून १००० भागिले ३३७५, म्हणजे सुमारे ३० टक्के. पडद्यावर दिसणाऱ्या बर्फापैकी सात दशांश भाग संशयाच्या पट्ट्यात राहिला! म्हणूनच जाणकार डॉक्टर बर्फ गाठीच्या बराच पुढे, जवळपास १ सेंटीमीटरपर्यंत नेतात. पण तसे करताना शेजारची कातडी, मज्जातंतू किंवा आतडे बर्फाच्या कक्षेत येतात. कमी गोठवले तर रोग उरतो, जास्त गोठवले तर रोग्याला इजा होते. साऱ्या तंत्राची कसोटी या चिंचोळ्या पट्ट्यात आहे, आणि बातमीत नेमका तोच नसतो.

परीक्षा कोणती घ्यावी?

नव्या सुईची पहिली परीक्षा ३७ अंशांच्या जेलीत होते. ठरावीक अंतरांवर तापमान मोजणाऱ्या बारीक तारा रोवून आकृती काढतात. परीक्षा आवश्यक आहे, पण जेलीत रक्त वाहत नाही. जिवंत अवयवात मोठी रक्तवाहिनी शेजारून सतत ऊब आणते आणि गोळ्याला त्या बाजूने खोक पडते. जेलीतली आकृती रोग्याला लावणे म्हणजे बिनवाऱ्याच्या खोलीत पतंग पारखण्यासारखे आहे. म्हणून पुढची पायरी प्राण्यांच्या अवयवांची, बहुधा डुकराच्या यकृताची किंवा मूत्रपिंडाची.

माणसांवरची सर्वांत प्रामाणिक परीक्षा मला अमेरिकेतल्या झेड-१०७२ या अभ्यासात दिसते. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. स्तनातल्या २ सेंटीमीटरपर्यंतच्या ८७ गाठी आधी गोठवल्या, नंतर शस्त्रक्रियेने काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ज्या भागावर नेम धरला होता तिथे ९२ टक्के गाठींत कर्करोग उरला नव्हता. पण त्या भागाबाहेर, आधी न दिसलेला रोगही मोजला, तेव्हा यश ७६ टक्क्यांवर आले. सुई तीच, रोगीही तेच. प्रश्न बदलला तसे उत्तर बदलले. ‘सुई चालली का?’ आणि ‘रोग गेला का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

प्रोस्टेटबाबत कॅनडात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून दोन तुलना झाल्या. एकीत २४४ पुरुष होते; तीन वर्षांनंतर किरणोपचार आणि गोठवणे यांत रोग बळावण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, पण लैंगिक क्षमतेचे नुकसान गोठवण्यात अधिक झाले. दुसरी, लहान आणि मध्येच थांबवावी लागलेली तुलना अधिक वाढलेल्या रोगाची होती. तीत गोठवणे कमी पडले.

आता आईस-३ या अभ्यासाकडे वळू. साठ आणि त्यावरील वयाच्या १९४ स्त्रियांच्या दीड सेंटीमीटरपर्यंतच्या, संथ वाढणाऱ्या गाठी गोठवून तशाच ठेवल्या. पाच वर्षांत त्याच स्तनात रोग उलटल्याचे प्रमाण सुमारे ४.३ टक्के आले. आकडा आशादायक आहे. पण शस्त्रक्रिया झालेला तुलनेचा गट यात नव्हता, आणि अनेक जणींना संप्रेरकरोधक गोळ्या किंवा किरणोपचारही मिळाले होते. श्रेय सुईचे किती, गोळ्यांचे किती, हे या रचनेतून सुटे करता येत नाही. तेव्हा ‘वयस्क स्त्रीच्या लहान, संथ गाठीसाठी विचारात घ्यावा असा पर्याय’ इतके म्हणणे रास्त आहे. ‘आता सुरीची गरज नाही’ हे म्हणणे रास्त नाही. ते वाचून एखादी बाई मोठ्या गाठीची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकील, आणि त्या चुकीची किंमत बातमी देणारा मोजणार नाही.

वर्गात करून पाहा

किराणा दुकानातल्या चायनाग्रासची जेली काचेच्या भांड्यात, मधोमध लहान स्टीलचा पेला ठेवून लावा. जेली फ्रिजमध्ये गार करून घ्या. पेल्यात तीन वाट्या बर्फाच्या चुऱ्याला एक वाटी मीठ या प्रमाणात मिश्रण भरा. वितळेल तसे बदला. पेल्याभोवती पांढरे कडे चढू लागेल. एक तापमापी पेल्यालगत आणि एक पांढऱ्या कडेशी खोचून दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. दुसऱ्या भांड्यात पेल्याशेजारून रबरी नळी नेऊन तीतून कोमट पाणी सोडा आणि कडे त्या बाजूला कसे दबते ते मुलांना वहीत काढायला सांगा. मग अशी एखादी बातमी वाचून दाखवा आणि विचारा : यात कडेचे तापमान दिले आहे का? तुलना कोणाशी केली? किती वर्षांनी पाहिले? उत्तरे मिळाली नाहीत, तर ती जागा वहीत कोरी ठेवायला सांगा.