सात ओळी की चव्वेचाळीस?

संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध यांना भरपूर जागा मिळते. पण ही सारी गणिते ज्या ओळींवर करायची, त्या ओळी मूळ तक्त्यातून निवडायच्या कशा, या प्रश्नाची बोळवण बहुधा एखाद्या परिच्छेदात होते. ओळी निवडणे हे कारकुनी काम, खरे शास्त्र त्यानंतर सुरू होते, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. ओळी निवडणारा माणूस एक विधान करत असतो: माझा निष्कर्ष या नोंदींविषयी आहे, उरलेल्यांविषयी नाही. संगणकाची भाषा हे विधान किती प्रामाणिकपणे पाळते, हे पाहण्यासाठी आज जगभर संख्याशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या 'आर' या भाषेची या एका अंगाने चिकित्सा करू.

'आर'ची पूर्वज 'एस' ही भाषा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर काम सुरू केले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात तिच्या धर्तीवर 'आर' रचली. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य मिळते, त्यामुळे शाळेच्या साध्या संगणकावरही बसवता येते.

कंसाचे सामर्थ्य

या भाषेत ओळी निवडण्याचे मुख्य साधन म्हणजे चौकोनी कंस. तक्त्याचे नाव लिहायचे, पुढे कंस उघडायचा आणि त्यात एक स्वल्पविराम द्यायचा. स्वल्पविरामाच्या डावीकडे ओळींविषयीची सूचना, उजवीकडे रकान्यांविषयीची. डावीकडे तीन प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार क्रमांकाचा: पाचवी, नववी आणि बारावी ओळ द्या. दुसरा नावाचा: अमुक नावाची ओळ द्या. तिसरा अटीचा: ज्या ओळीत गुण ३५ पेक्षा कमी आहेत, त्या द्या.

अटीचा प्रकार सर्वांत मोलाचा आहे. संगणक प्रत्येक ओळीपुढे 'खरे' किंवा 'खोटे' अशी खूण करतो आणि 'खरे' अशी खूण असलेल्या ओळी बाहेर काढतो. वर्गशिक्षक हजेरीपटावर पेन्सिलीने टिका करत जातात आणि मग टिका केलेली नावे वेगळ्या कागदावर उतरवतात, तसेच हे. शिवाय अट लेखी राहते. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी ती वाचली, तरी ओळी कोणत्या कारणाने निवडल्या हे त्याला कळते. क्रमांकाने केलेल्या निवडीत कारण दिसत नाही. हा 'आर'चा गुण मान्य करून दोषांकडे वळू.

एका तक्त्याची परीक्षा

'आर'बरोबर सरावासाठी काही तक्ते आयते मिळतात. त्यांपैकी 'एअरक्वालिटी' या तक्त्यात न्यूयॉर्क शहरातील १ मे ते ३० सप्टेंबर १९७३ या काळातील हवेच्या रोजच्या नोंदी आहेत. दिवस १५३, म्हणून ओळी १५३. रकाने सहा: ओझोन, सूर्यप्रारण, वारा, तापमान, महिना आणि तारीख. ओझोनचे प्रमाण हवेच्या एक अब्ज भागांत किती भाग, असे दिले आहे. पण १५३ पैकी ३७ दिवशी ओझोनची नोंदच नाही. त्या जागी 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही', असे लिहिलेले आहे.

आता कंसात अट घालू: ज्या दिवशी ओझोन १०० पेक्षा जास्त होता, त्या ओळी द्या. तक्ता डोळ्यांनी वाचून मोजले तर असे दिवस ७ भरतात: मे महिन्यात १, जुलैत २ आणि ऑगस्टमध्ये ४. 'आर'चा कंस मात्र ४४ ओळी देतो. या जास्तीच्या ३७ ओळी नोंद नसलेल्या दिवसांच्या आहेत.

हे वेडेपणाचे वाटले, तरी त्यामागे तर्क आहे. परीक्षेच्या गुणपत्रकात एखाद्या मुलापुढे 'गैरहजर' असा शेरा आहे. 'या मुलाला ३५ पेक्षा कमी गुण आहेत काय?' असे विचारले, तर 'हो' हे उत्तर चूक आणि 'नाही' हेही चूक. बरोबर उत्तर 'माहीत नाही' हेच. 'आर'च्या तर्कशास्त्रात खरे व खोटे यांच्या जोडीला हे तिसरे मूल्य आहे आणि ते असायलाच हवे. तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. 'माहीत नाही' अशी खूण असलेली ओळ कंस गाळत नाही आणि जशीच्या तशी देतही नाही. तिच्या जागी तो एक रिकामी ओळ ठेवतो, जिच्या सहाही रकान्यांत 'एनए' असते. ज्या दिवशी फक्त ओझोनची नोंद नव्हती, त्या दिवसाचे तापमान, वारा, इतकेच काय महिना आणि तारीख या माहीत असलेल्या गोष्टीही पुसल्या जातात. त्यामुळे नोंदी नेमक्या कोणत्या दिवसांच्या हुकल्या, हे निकालावरून शोधता येत नाही. गैरहजर मुलाचे नावच गुणपत्रकातून खोडून तिथे कोरी ओळ सोडावी, असा हा प्रकार.

गुपचूप गाळणे

या त्रासावर उपाय म्हणून 'आर'मध्येच 'सबसेट' नावाची सोय आहे. ती 'माहीत नाही'ला 'खोटे' समजते आणि नेमक्या ७ ओळी देते. 'पायथन' या भाषेतील 'पांडास' हा लोकप्रिय आज्ञासंचही नेहमीच्या वापरात ७ ओळीच देतो, कारण नोंद नसलेल्या आकड्याची १०० शी तुलना केली की तो 'खोटे' असे उत्तर देतो. नवशिक्याला हे बरे वाटते. उत्तर स्वच्छ दिसते, कोऱ्या ओळी नाहीत.

पण ही स्वच्छता फसवी आहे. पांडासमध्ये 'ओझोन १०० किंवा त्याहून कमी' अशी अट घातली, तर १०९ ओळी येतात. ७ आणि १०९ मिळून ११६. मग १५३ पैकी उरलेले ३७ दिवस गेले कुठे? ते दोन्ही गटांत नाहीत. आता तीच अट उलट करून घाला: 'ओझोन १०० पेक्षा जास्त आहे, असे नाही'. या वेळी १४६ ओळी येतात, कारण 'खोटे'च्या उलट 'खरे', आणि नोंद नसलेले ३७ दिवस आता आत शिरतात. शाळेच्या बीजगणितात एकच अर्थ असलेली ही दोन वाक्ये इथे ३७ ओळींनी वेगळी पडतात, आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मग दोहोंत बरे कोणते? माझ्या मते 'आर'चा कंस ओबडधोबड असला तरी अधिक प्रामाणिक आहे. त्याच्या ४४ ओळींची सरासरी काढायला गेलात, तर उत्तर 'एनए' येते आणि काही तरी राहून गेले आहे हे समजते. नुसत्या ओळी मोजणारा मात्र इथेही फसतो. चांगल्या साधनाने ७ ओळी द्याव्यात आणि सोबत एवढेच सांगावे, की ३७ ओळींबद्दल ठरवता आले नाही. ही एक ओळीची सूचना दोन्ही भाषा आपणहून देत नाहीत, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

आक्षेप तांत्रिक वाटेल, पण निष्कर्ष त्यावर अवलंबून आहे. १०० च्या वर गेलेल्या दिवसांची महिनावार यादी केली, तर जून आणि सप्टेंबर या दोन्ही महिन्यांपुढे शून्य येते. सप्टेंबरच्या ३० पैकी २९ दिवसांच्या नोंदी आहेत, त्यामुळे तो शून्य वजनदार आहे. जूनमध्ये मात्र ३० पैकी २१ दिवसांची नोंदच नाही. तो शून्य केवळ ९ दिवसांच्या आधारावर उभा आहे. निवडलेल्या ७ ओळींत हा फरक कुठेच दिसत नाही. 'जूनमध्ये हवा चांगली होती' असे विद्यार्थ्याने लिहिले, तर त्याचे गणित चुकलेले नसेल. निवडीने त्याला फसवलेले असेल.

आणखी दोन खड्डे

'आर'मध्ये क्रमांकापूर्वी उणे चिन्ह दिले, तर ती ओळ वगळली जाते. सोय छान आहे. पण समजा, आपण आधी एका आज्ञेने ओझोन २०० पेक्षा जास्त असलेल्या ओळींचे क्रमांक शोधले आणि मग उणे चिन्ह लावून त्या वगळल्या. या तक्त्यात ओझोनचा सर्वांत मोठा आकडा १६८ आहे, म्हणजे वगळण्याजोगी ओळ एकही नाही. अपेक्षा अशी, की सर्व १५३ ओळी उरतील. प्रत्यक्षात शून्य ओळी उरतात. क्रमांकांची रिकामी यादी उणे केली तरी रिकामीच राहते, आणि रिकाम्या यादीचा अर्थ कंस 'काहीच देऊ नका' असा घेतो. शिवाय उणे चिन्हाचा अर्थ भाषेगणिक बदलतो. 'आर'मध्ये उणे एक म्हणजे पहिली ओळ सोडून बाकी सर्व, तर पायथनच्या यादीत उणे एक म्हणजे शेवटची नोंद.

दुसरा खड्डा आकड्यांच्या सारणीचा. सारणीतून पाच ओळी निवडल्या, तर पाच ओळींची सारणी मिळते. एकच ओळ निवडली, तर 'आर' सारणीचे रूप टाकून देते आणि आकड्यांची नुसती माळ हातात ठेवते. हे टाळण्याची सूचना कंसात वेगळी लिहावी लागते. अट कधी पाच ओळींना लागू पडते, कधी एकाच ओळीला. म्हणजे महिनोन्महिने नीट चाललेली आज्ञावली एखाद्या दिवशी केवळ आकडेवारी बदलल्यामुळे कोसळते. उत्तराचे रूप ओळींच्या संख्येवर अवलंबून असू नये, ही अपेक्षा वाजवी आहे.

तीस ते चव्वेचाळीस

अटीऐवजी जागेवरून केलेली निवड किती महागात पडू शकते, याचे उदाहरण अर्थशास्त्रात आहे. २०१० साली कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २० प्रगत देशांच्या १९४६ ते २००९ या काळातील आकडेवारीवरून असा निष्कर्ष काढला, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले, की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यापर्यंत घसरतो. अमेरिका व युरोपातील काटकसरीच्या धोरणाचे समर्थक या निबंधाचा हवाला देत असत. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने, मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांसह, मूळ 'एक्सेल' तक्ता तपासला. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश त्यामुळे निसटले होते.

मात्र या एका चुकीचा परिणाम ०.३ टक्का एवढाच होता. मोठा फरक पडला तो इतर निवडींमुळे आणि देशांना दिलेल्या वजनांमुळे. न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही जास्त कर्जाची वर्षे हिशेबात नव्हती. त्या गटात त्या देशाचे १९५१ हे एकच वर्ष राहिले, ज्यात वाढीचा दर उणे ७.६ टक्के होता. ती चार वर्षे धरली, तर न्यूझीलंडची सरासरी अधिक २.६ टक्के होते. समीक्षकांनी नव्याने मांडलेल्या हिशेबात ९० टक्क्यांवरील गटाचा वाढीचा दर अधिक २.२ टक्के आला. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, बाकीच्या निवडींचे समर्थन केले. त्या वादात न शिरताही एक गोष्ट स्पष्ट आहे. 'तीस ते चव्वेचाळीस' हे शब्द कोणती ओळ का घेतली, हे सांगत नाहीत, आणि एक्सेलमध्ये ते आकड्याच्या मागे दडलेले राहतात. तीच निवड लेखी अटीने केली असती, तर वाचणाऱ्याला पाच देश सुटल्याचे लवकर उमगले असते.

वर्गात काय करावे?

विद्यार्थ्यांच्या हाती संगणकाची भाषा देण्याआधी हा विषय कागदावर शिकवता येतो. वीस मुलांचे गुणपत्रक फळ्यावर लिहा, त्यात तिघांपुढे 'गैरहजर' असा शेरा असू द्या. मग दोन याद्या करायला सांगा: ३५ पेक्षा कमी गुण मिळालेल्यांची आणि ३५ किंवा जास्त गुण मिळालेल्यांची. दोन्हींची बेरीज वीस का होत नाही, यावर होणारी चर्चा एखाद्या पाठापेक्षा अधिक शिकवून जाईल.

संगणकावर काम सुरू झाल्यावर एकच शिस्त पुरेशी आहे. प्रत्येक निवडीनंतर तीन आकडे वहीत लिहायचे: अटीत बसलेल्या ओळी, न बसलेल्या ओळी आणि ज्यांच्याबद्दल ठरवता आले नाही अशा ओळी. वरच्या तक्त्यासाठी ते ७, १०९ आणि ३७ आहेत. तिन्हींची बेरीज मूळ तक्त्याच्या ओळींइतकी झालीच पाहिजे. भाषा हा हिशेब आपणहून देत नाही तोवर तो माणसाने ठेवायचा, आणि प्रयोगवहीत तो नसेल, तर शिक्षकांनी पुढची सरासरी तपासायलाच घेऊ नये.