हरवलेला वैमानिक आणि त्याचे सोबती

दुसऱ्या महायुद्धात नाहीशा झालेल्या आपल्या आप्ताचा, आणि तो ज्या बाँबफेकी विमानातून गेला त्या विमानाचा, माग काढणारे ग्रंथ गेल्या काही दशकांत इंग्रजीत इतके निघाले आहेत की, त्यांचा एक स्वतंत्र वर्ग मानावयास हरकत नाही. त्यांचा आरंभ बहुधा सारखाच असतो. माळ्यावरच्या पेटीत एक तार सापडते, उड्डाणांची नोंदवही सापडते, पंखाखाली उभ्या असलेल्या सात तरुणांचे छायाचित्र सापडते. आणि नातू किंवा पुतणी कामास लागते. शेवटही ठरलेला: परदेशातील एक कबर, तिच्यावर ठेवलेली फुले आणि भरून आलेला गळा. यांपैकी पुष्कळ ग्रंथ प्रामाणिक आहेत, थोडे वाचनीय आहेत, आणि ज्यांस वाङ्मय म्हणावे असे फारच थोडे आहेत. त्या थोड्यांत डॅनियल स्विफ्ट यांच्या ‘बाँबर काउंटी’ (२०१०) या ग्रंथाची गणना आम्ही करतो. आणि म्हणूनच त्याला सैल मापाने मोजण्याची आमची इच्छा नाही.

ग्रंथाचा विषय थोडक्यात असा. ग्रंथकर्त्याचे पितामह जेम्स एरिक स्विफ्ट हे ब्रिटिश वायुदलाच्या ८३ व्या पथकात लँकेस्टर विमानाचे वैमानिक होते. १९४३ च्या जूनमध्ये, ११ तारखेच्या रात्री, ते जर्मनीतील म्युन्स्टर शहरावर निघाले आणि परत आले नाहीत. पुढे त्यांचा देह हॉलंडच्या किनाऱ्यास लागला. ‘बाँबर काउंटी’ हे लिंकनशायर परगण्याचे युद्धकाळातील टोपणनाव. बाँबफेकी विमानांचे तळ तेथे इतके दाट होते. नातवाने इंग्लंड, नेदरलँड्स व जर्मनी या तीन देशांत फिरून, दफ्तरखाने चाळून आणि त्या काळातील माणसांशी बोलून आजोबांची अखेरची वाट जुळविली आहे.

ज्या कागदांवर असे ग्रंथ उभे राहतात ते किती रूक्ष असतात हे एकदा पाहावे. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यात प्रत्येक पथकाची मोहिमांची नोंदवही आहे. तिच्यातील फॉर्म ५४१ वर प्रत्येक विमानाची ओळ असते: तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, आतील माणसांची नावे, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, आणि कामगिरीचा दोन-तीन वाक्यांचा गोषवारा. परतलेल्या विमानाच्या ओळीत लक्ष्य दिसले की नाही, ढग होते की नाही, बाँब किती उंचीवरून सोडले, हे सारे येते. न परतलेल्या विमानाच्या ओळीत निघाल्याची वेळ असते आणि उतरल्याच्या वेळेची जागा मोकळी असते. उड्डाणानंतर काही कळले नाही एवढाच मजकूर पुढे. लेखनिकाने तो रोज टंकलिखित केला आहे, कधी एका रात्रीसाठी तीन वेळा. या मोकळ्या जागेपुढे वंशजाची खरी परीक्षा होते. सामान्य लेखक ती जागा कल्पनेने भरतो: विमानाने पेट घेतला, वैमानिकाने सोबत्यांना उडी मारावयास सांगून स्वतः सुकाणू धरून ठेवले, इत्यादि. असे प्रसंग घडले यात शंका नाही. पण प्रत्येकाचे आजोबा शेवटपर्यंत सुकाणू धरून बसलेले आढळू लागले म्हणजे वाचकाने सावध व्हावे.

स्विफ्ट हा मोह टाळतात, हे त्यांचे पहिले यश. ती जागा ते काव्याकडे वळून उजळू पाहतात. पहिल्या महायुद्धातील खंदकांनी इंग्रजीला कवी दिले, दुसऱ्याने दिले नाहीत, अशी तक्रार युद्ध चालू असतानाच होत होती. सेसिल डे लुईस यांनी त्या तक्रारीवरच एक कविता लिहिली. स्विफ्ट यांचे प्रतिपादन असे की, या युद्धाचे खंदक आकाशात होते आणि त्याचे काव्य बाँबवर्षावाच्या काव्यात शोधावयास हवे. या दृष्टीने ते टी. एस. एलियट यांच्याकडे जातात. एलियट युद्धकाळात लंडनमध्ये हवाई हल्ल्यांच्या वेळी पहारा देत होते, आणि ‘लिटल गिडिंग’मध्ये (१९४२) त्या रात्रींची राख उतरली आहे. ते डिलन टॉमस यांच्याकडे जातात. लंडनमध्ये आगीत मेलेल्या मुलीबद्दल शोक करावयास नकार देणारी त्यांची कविता विलापाच्या सर्व संकेतांना पाठ दाखवते आणि तरीही विलापच ठरते. अमेरिकन कवी रँडल जॅरेल स्वतः युद्धमोहिमेवर कधी उडाले नाहीत, प्रशिक्षणतळांवरच राहिले; परंतु विमानाच्या पोटाखालील काचगोलात बसणाऱ्या तोफच्याच्या मरणावर त्यांनी लिहिलेल्या पाच ओळी शेकडो आठवणीग्रंथांहून अधिक टिकल्या आहेत.

हे सर्व विवेचन रसिक आहे आणि बहुतांशी पटते. एक शंका मात्र आम्हांस राहिली. कवी हे साक्षीदार म्हणून बोलावले आहेत. पण साक्ष देता देता ते सभेचे यजमानच होऊन बसतात. पितामहांचे विमान ढगाआड जाते आणि आपण एलियटच्या कडव्यांत पोचतो. हे संक्रमण दोनदा-तीनदा मोहक वाटते, पुढे पुढे त्याची सवय जडते. जेथे कागद संपतो तेथे कविता सुरू करावी, ही युक्ती कल्पनेने भरणा करण्याहून सात्त्विक खरी, तरी तीही एक युक्तीच.

याहून मोठा आक्षेप दुसरा आहे, आणि तो केवळ या ग्रंथावर नसून सबंध वर्गावर आहे. लँकेस्टरमध्ये साधारणतः सात माणसे असत: वैमानिक, यंत्रज्ञ, नेव्हिगेटर, बाँबवर नेम धरणारा, बिनतारी संदेश पाहणारा, पाठीवरच्या मनोऱ्यातील तोफची आणि शेपटीच्या टोकाला एकटा बसणारा तोफची. हा संघ कसा जमे ते ध्यानात घेण्याजोगे आहे. इतर सर्व बाबतींत हुकमाने चालणाऱ्या या वायुदलाने प्रशिक्षणतळावर या माणसांना एका मोठ्या शेडमध्ये सोडून द्यावे आणि त्यांनी आपसांत बोलून, चेहरे पाहून, आपापले सोबती निवडावेत, अशी रीत होती. एखाद्या लग्नघरात अनोळखी पाहुणे एका पंक्तीला बसावेत तसे ते एकत्र येत, आणि मग एका दौऱ्याच्या तीस मोहिमा एकमेकांच्या जिवावर काढीत. सर्वांचाच दौरा पुरा होत नसे. बाँबर कमांडच्या सुमारे १,२५,००० उड्डाणसैनिकांपैकी ५५,५७३ मेले, हा रूढ आकडा आहे. मरणही बहुधा संघानेच येई. पुष्कळ दफनभूमींत या सोबत्यांचे दगड एकमेकांना चिकटून उभे केलेले दिसतात, कारण कोणाचा देह कोणता हे सांगता आले नाही. असे असता नातवाच्या ग्रंथात एक माणूस सजीव होतो आणि उरलेले सोबती छायाचित्रातच राहतात. ‘बाँबर काउंटी’ मिटल्यावर आमच्या मनात पितामह राहिले, कवी राहिले. त्याच विमानातील इतरांचे चेहरे धूसर राहिले. ज्यांच्या घरी लेखक निपजला नाही त्यांचे काय, हा प्रश्न या वर्गातील ग्रंथ क्वचितच स्वतःला विचारतात.

आमच्या वाचकांना या प्रश्नाचे मर्म समजावून सांगावयास नको. भाद्रपदाच्या वद्यपक्षात ज्यांच्या घरी महालय होतो त्यांस ठाऊक आहे की, शस्त्राने मेलेल्यांची चतुर्दशी निराळी, आणि ज्यांची तिथीच माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. ज्याचा देहही मिळाला नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांची आकृती करून दाह देण्याचा पालाशविधी आमच्या पूर्वजांनी सांगून ठेवला. बेपत्ता सैनिकाला काही महिने वाट पाहून कागदोपत्री मृत मानणाऱ्या ब्रिटिश खात्याची अडचण काही वेगळी नव्हती. पालाशविधीचे काम तेथे एका पत्राने होई. तर्पणाचा क्रम तर या ठिकाणी नेमकी कसोटी पुरवितो. आरंभ आपल्या पिता, पितामह, प्रपितामहांपासून. तेथून मातृकुल, गुरू, आप्त, मित्र. आणि शेवटी ज्यांना पाणी देणारे कोणीच नाही अशांसाठी वस्त्र पिळून दिलेले पाणी. स्वकीयांपासून निघणे हा दोष नाही. आपल्या पितामहांपाशी थांबणारे तर्पण मात्र अपुरे, आणि शोधग्रंथासही आम्ही हेच माप लावतो.

विशेष असे की, हे पुढचे पाऊल सरकारी खात्याने ग्रंथकारांच्या पुष्कळ आधी टाकले होते. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश वायुदलाचे ४१ हजारांहून अधिक लोक बेपत्ता होते. त्यांच्या शोधासाठी नेमलेल्या चौकशी पथकांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत युरोपभर गावोगाव हिंडून भग्न विमाने पाहिली, इंजिनांचे क्रमांक उतरविले, कपड्यांवरील धोब्याच्या खुणा आणि बुटांची मापे यांवरून देह ओळखले, ग्रामपुरोहितांना व कबर खणणाऱ्यांना प्रश्न विचारले. तेथे कोणी कोणाचा आजोबा नव्हता. सातांपैकी चार सापडले की उरलेले तीन, हाच हिशेब. ज्यांचे काहीच सापडले नाही अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावे रनीमीड येथील स्मारकावर १९५३ पासून कोरलेली आहेत. त्या पथकांच्या अहवालांचे गद्य कोरडे आहे, पण न्यायी आहे. आम्हांस तर ते अनेक भावविवश ग्रंथांहून अधिक हेलावून गेले.

आता विमानाखालच्या माणसांविषयी. येथे स्विफ्ट यांस पुरे श्रेय दिले पाहिजे. बाँब टाकणे आणि बाँबखाली सापडणे हे दोन्ही अनुभव त्यांनी एकाच ग्रंथात शेजारी ठेवले आहेत, आणि आजोबांना निर्दोष ठरविण्याची घाई केलेली नाही. ही गोष्ट सोपी नाही. जर्मनीत बाँबवर्षावाने मेलेल्या नागरिकांचे अंदाज साडेतीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत जातात. १९४३ च्या जुलैअखेर एकट्या हँबुर्गमध्ये सुमारे ३५ ते ४० हजार लोक मेले. खुद्द जर्मन साहित्याने या संहाराकडे पाठ फिरविली, असा आरोप डब्ल्यू. जी. झेबाल्ट यांनी १९९७ मध्ये झुरिकच्या व्याख्यानांत केला आणि मोठा वाद माजला. हान्स एरिक नोसाक यांच्यासारखे अपवाद होते; शहराबाहेरच्या माळावरून त्यांनी हँबुर्ग जळताना पाहिले आणि त्याच वर्षी ते लिहून काढले. ज्यांच्या घराची अशी राख झाली त्यांच्या दृष्टीने लँकेस्टरमधील सात तरुण कोण होते, हे विचारल्यावाचून त्या सातांचे चरित्र पुरे होत नाही.

या कामी कादंबरीने इतिहासाला मागे टाकले आहे, असे आमचे मत आहे. लेन डेटन यांची ‘बाँबर’ (१९७०) ही कादंबरी एका मोहिमेचा एक दिवस व एक रात्र सांगते. विमाने निघतात एका शहरावर, खुणेचे दिवे पडतात भलतीकडे, आणि आल्टगार्टन नावाचे एक लहानसे गाव बेचिराख होते. इंग्रज संघ, जर्मन रात्रवैमानिक, गावातले गृहस्थ व आगीचे बंबवाले, सर्वांना सारखी जागा, सारखी नावे, सारखे संसार. आल्टगार्टन कल्पित आहे. मोहिमेची तारीख आहे ३१ जून १९४३. कोणत्याही पंचांगात न सापडणारी! कोणा एकाचा आप्त म्हणून नव्हे, तर सर्वांचेच श्राद्ध म्हणून लिहावयाचे तर तिथीही अशीच हवी होती. डेटन यांची भाषा स्विफ्ट यांच्याइतकी सुंदर नाही, यंत्रांचे तपशील तर कधी कधी कंटाळा आणतात. तरीही न्यायबुद्धीत ते वरचढ आहेत.

हा विषय आपल्याकडच्या वाचकाला सर्वस्वी परका आहे असे नाही. भारतीय वायुदलाचे शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे लँकेस्टरवर नेव्हिगेटर म्हणून उडाले आणि त्यांना डी.एफ.सी. हे पदक मिळाले. अशा माणसावर मराठीत किंवा कोंकणीत ग्रंथ लिहावयाचा झाला तर आमच्या कुलवृत्तांतांची जुनी खोड आड येण्याची भीती आहे: शाखा, पिढी, हुद्दा, पदक, आणि पुढचे नाव. नेव्हिगेटर पडद्याआड दिव्याखाली नकाशावर वाकून बसे. खालची आग त्याला बहुधा दिसतही नसे. त्याच्या आकडेमोडीवर इतर सहा जण घरी पोचत. त्या सहांची नावे कुलवृत्तांतात कोणत्या शाखेखाली लिहिणार?

२०२३ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समधील आयसेलमेर या जलाशयाच्या तळातून एक लँकेस्टर वर काढण्यात आले. ज्या भग्न विमानांत माणसांचे अवशेष असण्याचा संभव आहे अशी विमाने काढण्याची योजना तेथील सरकारने २०१९ पासून चालविली आहे, तिच्यातील हे काम. विमानाचा क्रमांक ई.डी. ६०३, पथक ८३ वेच, १२ जून १९४३ च्या रात्री ते बोखुमवर निघाले होते, म्हणजे जेम्स स्विफ्ट गेले त्याच्या दुसऱ्याच रात्री, त्याच तळावरून. सात जणांपैकी चौघांचे देह त्या वेळी पाण्याने किनाऱ्यास आणून दिले होते, तिघांचे नाहीत. ऐंशी वर्षांनंतर कामगारांनी तळाचा गाळ उपसला आणि तो चाळणीतून घातला. स्विफ्ट यांनी ‘बाँबर काउंटी’ची नवी आवृत्ती काढावयाची मनात आणली, तर या शेजारच्या विमानासाठी त्यांनी एक प्रकरण राखावे, अशी आमची त्यांना विनंती राहील, एलियटवरील एखादे प्रकरण त्यासाठी थोडे आवरले तरी चालेल.