जुन्या ड्रमांची पाठचिकित्सा

आवडत्या वादकाचे वाद्य जसेच्या तसे आपल्यापाशी असावे ही इच्छा काही नवी नाही. पण ती पुरी करण्यासाठी माणसे किती दूरवर जातात हे पाहिले, म्हणजे केवळ छंद म्हणून तिची वासलात लावता येत नाही. पाश्चात्य तालवाद्यांच्या जगात असा एक वर्ग आहे, की जो एखाद्या वादकाने विशिष्ट वर्षी वाजविलेल्या ड्रमसंचाची हुबेहूब जोडणी करण्यासाठी जुने ड्रम एकेक करून गोळा करीत असतो. एक ड्रम लिलावात सापडतो, दुसरा एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर, तिसऱ्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. या उद्योगाला कोणी भक्ती म्हणतात, कोणी खूळ म्हणतात. माझ्या मते ती एक प्रकारची पाठचिकित्सा आहे, आणि तिचे मूल्यमापन त्याच शास्त्राच्या कसोटीवर झाले पाहिजे.

उदाहरणादाखल सर्वांत अधिक शोधला जाणारा संच घेऊ. रिंगो स्टार, म्हणजे लिव्हरपूलचा रिचर्ड स्टार्की, १९६२च्या ऑगस्टमध्ये बीटल्स या चमूत दाखल झाला तेव्हा त्याच्यापाशी प्रीमियर या इंग्लिश कंपनीचा संच होता. १९६३च्या वसंत ऋतूत लंडनच्या शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवरील ‘ड्रम सिटी’ या दुकानातून त्याने शिकागोच्या लडविग कंपनीचा ‘डाउनबीट’ नावाचा संच घेतला. बास ड्रमचा व्यास २० इंच व खोली १४ इंच. वरचा टॉम १२ इंची, ८ इंच खोल. जमिनीवर उभा राहणारा टॉम १४ इंची आणि तितकाच खोल. त्याबरोबर ‘जॅझ फेस्टिव्हल’ नावाचा १४ इंची स्नेअर. सर्वांवर ‘ऑयस्टर ब्लॅक पर्ल’ हे काळ्या-मोतिया लाटांचे चकचकीत आवरण. रिंगोने हा संच निवडला तो प्रथम रंग पाहून, असे सांगतात. आणि त्यात खोटे मानण्यासारखे काही नाही. दुकानाचा मालक आयव्हर आर्बिटर याने चमूच्या नावातील ‘टी’ हे अक्षर इतरांच्या खाली लोंबणारे असे काढून दाखविले, एडी स्टोक्स या रंगाऱ्याने ते बास ड्रमच्या पुढच्या हेडवर रंगविले, आणि जगातील एका अतिपरिचित चिन्हाचा जन्म झाला.

आता शोधकाची पद्धती पाहा. त्याच्यापुढे मूळ वस्तू नसते. असतात ती छायाचित्रे, चित्रपटाचे तुकडे आणि त्याच कारखान्यातून त्याच सुमारास बाहेर पडलेले इतर ड्रम. यांची तुलना करून त्याला मुळाकडे जायचे असते. लडविगने बिल्ल्यांवर अनुक्रमांक घालण्यास १९६३च्या अखेरीस आरंभ केला. सबब त्या वर्षीच्या वसंतातील संचाच्या बिल्ल्यावर अंक असता कामा नये. ज्या ड्रमवर अंक आहे तो कितीही सुंदर असला तरी उशिराचा. खोडाच्या आतल्या बाजूस पुष्कळदा लाल शाईचा तारखेचा शिक्का आढळतो, त्यावरून महिना कळतो. आतला पांढरा रंग एका कालखंडाचा, करडा ठिपकेदार रंग त्यानंतरचा. आवरणावरील लाटांची नक्षीसुद्धा बदलत गेली आहे: आरंभीची मोठी व मोकळी, साठीच्या अखेरची गोलसर आणि निराळ्याच घाटाची. खोड तीन पदरी, बाहेर आणि आत कठीण लाकूड, मध्ये पॉपलर, कडांना आधाराची कडी. हस्तलिखिताचा कागद, शाई, अक्षरवळण आणि लेखकाचे प्रमाद यांवरून काळ ठरविणाऱ्या पंडिताचे काम याहून फारसे निराळे नसते. अंकाचा अभाव हाच पुरावा मानण्यात जी शिस्त आहे ती मला आदरणीय वाटते. केवळ भक्ताला अभाव दिसत नाही. तो चिकित्सकालाच दिसतो.

परंतु पाठचिकित्सेचा पहिला प्रश्न असा असतो, की आपण नेमका कोणता पाठ शोधीत आहो? येथे गडबड सुरू होते. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात अमेरिकेतील सुमारे ७ कोटी ३० लक्ष प्रेक्षकांनी जो संच पाहिला, तो लंडनचा नव्हेच. तसाच दुसरा नवा डाउनबीट संच तेथे घेण्यात आला होता. त्याच वर्षी पुढे २२ इंची बास ड्रमचा मोठा ‘सुपर क्लासिक’ आला; नंतर आणखी एक तसाच; आणि १९६८मध्ये नैसर्गिक मेपल रंगाचा ‘हॉलिवुड’, दोन वरच्या टॉमांचा. म्हणजे ‘रिंगोचा संच’ ही एक वस्तू नसून पाठांची परंपरा आहे. बहुतेक शोधक यांतून १९६३-६४चा संच निवडतात, आणि याचे कारण नादात नाही, चित्रात आहे. लहानपणी वडील बंधूंच्या खोलीत लावलेले जे छायाचित्र पाहिले, त्यातल्या वस्तूला हात लावावा, ही ती ओढ आहे. मी तिची थट्टा करीत नाही. आपल्यापैकी ज्यांनी पिढीजात गाव सोडून दूर परप्रांती संसार थाटला, त्यांना वस्तूंची ही माया समजावून द्यावी लागत नाही. मात्र ही डोळ्यांची ओढ असून शोधक तिला कानांची म्हणतो, आणि तेथे मतभेदाला जागा आहे.

कानाचा विचार केला तर हा शोध फारच लवकर अडखळतो. आपल्याकडे तबल्याची पुडी बदलली, म्हणजे तेच खोड निराळे बोलू लागते हे कोणाही श्रोत्याला ठाऊक आहे. ड्रमचेही तेच. त्याच्या नादाचा मोठा वाटा खोडाचा नसून वर ताणलेल्या हेडचा, त्याच्या ताणाचा आणि त्यावर पडणाऱ्या काठीचा असतो. रिंगोच्या पहिल्या संचांवर प्लॅस्टिकची हेडे होती; ती वाजून झिजली, फाटली, बदलली गेली. उलट मेपलच्या शेवटच्या संचावर वासराच्या कातड्याची होती. त्या काळात तो टॉमवर चहाची भांडी पुसायची फडकी टाकून वाजवीत असे, त्यामुळे घुमारा दबून एक मऊ, जड आघात उरे. संग्राहक साठ वर्षांपूर्वीचे लाकूड मिळवितो. पण नाद जेथून उठत असे ते हेड कधीच कचऱ्यात गेलेले असते. फडके मात्र कोणत्याही स्वयंपाकघरात मिळते, आणि म्हणूनच बहुधा त्याचा कोणी फारसा शोध घेत नाही.

याहून गंभीर अडचण ध्वनिमुद्रणाची आहे. १९६६च्या एप्रिलमध्ये ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गीताचे मुद्रण झाले तेव्हा जेफ एमेरिक या तरुण तंत्रज्ञाने बास ड्रममध्ये एक लोकरी स्वेटर कोंबला, मायक्रोफोन नेहमीपेक्षा फार जवळ आणला, आणि ध्वनी एका दाबयंत्रातून असा काढला की आघातानंतरचा श्वासही मोठा होऊन ऐकू यावा. त्याच महिन्यात मुद्रित झालेल्या ‘रेन’ या गीताचा पाया जलद लयीत वाजवून नंतर फितीची गती कमी करण्यात आली. गती कमी झाली की लयीबरोबर स्वरही उतरतो. रिंगो स्वतः ज्या वादनाला आपल्या उत्कृष्ट वादनांत गणतो, त्यातील ड्रमचा स्वर त्या खोलीत त्या दिवशी कोणाच्याही कानावर पडला नव्हता, रिंगोच्याही नाही. तो नाद ज्यातून निघावा असा ड्रम कधी अस्तित्वात नव्हता. तो मिळविण्यासाठी शिकागोच्या कारखान्यातील कोणत्या महिन्याचा शिक्का शोधावा?

शिवाय हाताचा प्रश्न आहेच. रिंगो जन्मतः डावखुरा, पण उजव्या हाताच्या मांडणीचा संच वाजवितो. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याची सुरुवात पुष्कळदा भलत्याच हाताने होते. मध्ये क्षणभर अवकाश पडतो, आणि त्याच्या पलट्यांना ती ओळखीची, किंचित लंगडी ऐट येते. हे काही विकत मिळत नाही.

एवढे झाल्यावर कोणी म्हणेल, मग हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. मी तसे म्हणणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६मध्ये ते पूर्ण केले. त्या कामाला शास्त्रीय शिस्त लावणाऱ्या डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी व्यासांचे मूळ शब्द हाती लागल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितके मागे जाता येते तितके जाणे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. सिद्ध झालेला पाठ सलग त्याच रूपात कोणा एका पोथीत सापडेल असे नाही, आणि तरीही तो खरा शोध आहे. त्याचप्रमाणे डेट्रॉइटचा टॉम, लीड्सचा बास ड्रम आणि ओसाकाचा स्नेअर मिळून झालेला डाउनबीट संच रिंगोने कधीही वाजविलेला नसतो. पण तो जोडणाऱ्याने त्या दोन वर्षांतील प्रत्येक छायाचित्र आणि प्रत्येक मुद्रण ज्या बारकाईने पाहिले-ऐकले असते, तितक्या बारकाईने पुष्कळ व्यावसायिक टीकाकार ऐकत नाहीत. २० इंची बास ड्रम एवढा लहान असूनही ‘शी लव्ह्ज यू’मध्ये इतका भरीव कसा वाटतो, हा प्रश्न ड्रम शोधणाऱ्यालाच पडतो.

माझा आक्षेप निराळाच आहे. चिकित्सक आवृत्तीत जे पाठ मुख्य संहितेतून वगळले जातात ते फेकून दिले जात नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जिवंत राहतात. काश्मीरची पोथी काय म्हणते, मलबारची काय म्हणते, हे वाचकाला पानाच्या तळाशी पाहता येते. ड्रमच्या पाठचिकित्सेत तळटीप नाही. १९६३च्या त्याच महिन्यात शिकागोहून बाहेर पडलेला दुसरा एखादा संच कोण्या अप्रसिद्ध वादकाने घेतलेला असतो. लग्नसमारंभांत, नृत्यगृहांत, शनिवारच्या रात्री धुराने भरलेल्या दिवाणखान्यांत तो चाळीस वर्षे वाजलेला असतो. त्याने आपल्या सोयीसाठी एक भोक अधिक पाडलेले असते, कडेला आपली आद्याक्षरे चिकटविलेली असतात, काठीच्या घावांनी एका विशिष्ट जागी आवरण झिजविलेले असते. व्यापारी तो संच फोडतो, कारण शोधकाला हवा असतो फक्त १२ इंची टॉम. मग भोक बुजविले जाते, अक्षरे खरवडली जातात, आवरणाला तकाकी दिली जाते. एका प्रसिद्ध वादकाची प्रतिकृती सिद्ध होते, आणि एका अप्रसिद्ध वादकाचा एकमेव लेख पुसला जातो. ज्याच्या नावावर एकही ध्वनिमुद्रिका नाही त्याचे चरित्र त्या झिजेतच लिहिलेले होते.

यातील विसंगती एका तपशिलात फार स्पष्ट दिसते. रिंगोच्या लडविग संचांवर वरचा टॉम धरण्यासाठी लडविगचे नव्हे, तर रॉजर्स या प्रतिस्पर्धी कंपनीचे ‘स्विव्हो-मॅटिक’ नावाचे साधन बसविलेले असे. म्हणजे मूळ संचच मिश्र होता. कारखान्याच्या दृष्टीने तोही एक प्रक्षेपच. आता काटेकोर शोधक काय करतो? साठ वर्षे निर्दोष राहिलेला, कोणीही न भोसकलेला टॉम तो मोठ्या किमतीला आणतो आणि रॉजर्सच्या पट्टीसाठी त्यात नवी भोके पाडतो. दुसऱ्या कोणी पाडलेले भोक म्हणजे दोष, किंमत निम्म्यावर. रिंगोने पाडवून घेतले तसलेच भोक म्हणजे प्रामाण्य. पोथीत लेखकाने केलेली चूक आपण दोष मानावी आणि तीच चूक एका थोर लेखकाच्या नावावर असेल तर आपल्या हाताने पुन्हा करावी, याला चिकित्सा म्हणता येणार नाही.

आवरणाच्या बाबतीत तर काळानेच शोधकाची थट्टा केली आहे. ही जुनी आवरणे उन्हाने आणि वयाने पिवळी पडतात. मोतिया लाटांवर मधाचा किंवा शेवाळाचा रंग चढतो. म्हणजे अस्सल १९६३चा ड्रम आज १९६३च्या छायाचित्रासारखा दिसत नाही. तसा दिसतो तो लडविग कंपनीने पुढे त्याच मापांनी नव्याने काढलेला संच. शोधकाला अस्सल हवे की सदृश हवे, हे येथे एकदाचे ठरवावे लागते. आणि जे अस्सल निवडतात त्यांना मी अधिक मानतो, कारण निदान ते काळाला पुसून टाकीत नाहीत.

मूळ वस्तूंचे म्हणाल तर त्या आता शोधाच्या कक्षेबाहेर गेल्या आहेत. १९६३चा तो पहिला संच आणि सलिव्हनच्या कार्यक्रमात दिसलेले, लोंबत्या ‘टी’चे हेड, ही दोन्ही अमेरिकेत २०१५च्या लिलावात प्रत्येकी वीस लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. हेड एका संचाचे, खोडे दुसऱ्याची. संच घेतला तो जिम इर्से या धनिक संग्राहकाने. मात्र त्याने या वस्तू कपाटात बंद ठेवल्या नाहीत. आपला संग्रह तो गावोगाव प्रदर्शनांतून लोकांना विनामूल्य दाखवीत असे. २०२५मध्ये तो निवर्तला. त्या बास ड्रमच्या जोडीचा, बिनअंकी बिल्ल्याचा, त्याच वसंतात शिकागोहून निघालेला दुसरा एखादा ड्रम अजून कुठल्या तरी माळ्यावर, आपल्या जादा भोकासह आणि कोणाच्या तरी आद्याक्षरांसह पडलेला असेल. ज्याला तो सापडेल त्याने तो जरूर घ्यावा, हेड बदलून वाजवावा, वाटल्यास फडके टाकून वाजवावा. पण ती अक्षरे खरवडण्यापूर्वी त्यांचे एक छायाचित्र काढून खोडाच्या आत, त्या लाल शिक्क्याशेजारी, चिकटवून ठेवावे.