मराठी रॅप: गाजतो फार, ऐकला जात नाही

मराठीत रॅपवर लिहून येतं ते दोनच प्रसंगी. एखादं गाणं रील्सवर चढलं की, नाहीतर एखाद्या रॅपरवर गुन्हा दाखल झाला की. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजकीय गाण्यांमुळे राज मुंगासेवर अंबरनाथमध्ये आणि उमेश खाडेवर मुंबईत गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भरपूर लिहिलं गेलं. ते लिहायलाच हवं होतं. पण ती गाणी गाणी म्हणून कशी आहेत, शब्द तालावर कसे बसलेत, कुठे घसरलेत, याबद्दल वाचल्याचं मला आठवत नाही. पुढे 'तांबडी चामडी' गाजलं, क्रेटेक्स आणि श्रेयसचं हे गाणं परदेशी लेबलपर्यंत पोहोचलं, आणि आपण कौतुक केलं ते मराठी सातासमुद्रापार गेल्याचं. श्रेयस मुळात रॅपर आहे, त्याची बाकीची गाणी कोणती, हे विचारायचं राहूनच गेलं.

या सवयीची सुरुवात 'गली बॉय'पासून धरता येईल. १४ फेब्रुवारी २०१९ ला तो प्रदर्शित झाला, फिल्मफेअरची तेरा पारितोषिकं घेऊन गेला आणि रॅप म्हणजे हिंदीतला रॅप असं समीकरण करून गेला. गंमत अशी की त्याच सिनेमात 'इंडिया ९१' नावाचं एक गाणं आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या कर्नाटक तालांवर हिंदीबरोबर मराठी आणि गुजराती रॅप करणारी मुलं त्यात एकापाठोपाठ येतात. 'अपना टाइम आयेगा'च्या गलबल्यात ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या अल्बममधलं सर्वांत अवघड आणि सर्वांत मुंबईचं गाणं तेच.

त्यातला एक आवाज होता एमसी तोडफोड, म्हणजे नायगावच्या बीडीडी चाळीतला धर्मेश परमार. तो गुजरातीत रॅप करायचा. गुजराती म्हटलं की आपल्याला गरबा किंवा शेअर बाजार आठवतो. त्या भाषेत चाळीतला राग ऐकणं हाच एक धक्का होता. मार्च २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. काही दिवसांपूर्वीच त्याचा 'ट्रूथ अँड बेस' हा अल्बम आला होता. मृत्युवार्तांच्या मथळ्यांत मात्र तो 'गली बॉय फेम' एवढाच उरला.

तोडफोड ज्या 'स्वदेशी' समूहाचा होता, त्याच्याकडे महाराष्ट्राने पुरेसं पाहिलेलं नाही. २०१९ मध्ये त्यांनी 'द वारली रिव्होल्ट' केलं. आरेच्या जंगलातल्या आदिवासींची बाजू, आणि ती मांडायला आरेतलेच कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज. दुसऱ्याच्या दुःखावर आपली शब्दकळा मिरवायची नाही, माइकच त्याच्या हातात द्यायचा, हा निर्णय मला त्या गाण्याच्या आशयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. २०२० मध्ये दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सने त्यांचा 'चेतावनी' हा अल्बम काढला. बास जड, अंगावर येणारा. समूहातल्या एमसी मवालीचा मराठी उच्चार भरड, मुद्दाम न घासलेला. पण लगेच टाळेबंदी आली, कार्यक्रम थांबले. शिवाय अल्बम एकाच भाषेतला नाही. मराठीवाल्यांना तो हिंदी वाटला, हिंदीवाल्यांना मुंबईचा स्थानिक मामला. दुर्लक्ष होण्यासाठी एवढं पुरतं.

आता थोडं कारागिरीबद्दल, कारण सगळा दोष श्रोत्यांच्या माथी मारणं सोपं आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं. त्यामुळे नवख्या रॅपरला यमक फुकटात मिळतं: करतो, भरतो, मरतो, हरतो. सोळा ओळी अशाच निघाल्या की कान मिटून घ्यावासा वाटतो. यूट्यूबवरचा बराचसा मराठी रॅप इथेच बुडतो. त्यात महापुरुषांच्या नावाने छाती फुगवणारी गाणी धरली तर प्रमाण आणखी वाढतं. तिथे विषयाच्या पुण्याईवर टाळ्या मिळतात आणि बीटकडे कुणी बघत नाही.

चांगला रॅपर क्रियापद ओळीच्या पोटात ढकलतो आणि शेवटाला एखादं नाम, गावाचं नाव, शिवी किंवा हाक ठेवतो. ठ, ढ, ळ अशा व्यंजनांचा तो तालवाद्यासारखा वापर करतो. आणि तो बोलीत लिहितो. प्रमाण मराठीतलं 'करायचं' बीटवर लांबतं. वऱ्हाडीतलं 'कराचं' एक अक्षर वाचवतं आणि नेमकं ठोक्यावर पडतं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे '१०० आरबीएच' (शंभर नव्हे, 'सौ' वाचायचं), आणि तिथलाच विपिन तातड यांच्याकडे कान देऊन ऐकावं. विदर्भातल्या बोलण्याचा ठसका मुंबईच्या स्टुडिओत शिकून येत नाही. पुण्याचा संबाटा वेगळ्या वाटेने, ट्रॅपच्या अंगाने जातो. त्याचा पवित्रा मला कधीकधी आयात केलेला वाटतो, पण लयीवरची पकड पक्की आहे. महादेव कोळी समाजातली माही जी पर्यावरणावर आणि आदिवासींच्या हक्कांवर रॅप करते. या क्षेत्रात बाईचा आवाज अजून इतका दुर्मीळ आहे की तिचं नाव घ्यायला 'महिला रॅपर' या रकान्याची वाट बघितली जाते, हेही अपमानास्पदच.

'पोवाडा म्हणजे आपला रॅप' हे वाक्य आता थांबवायला हवं. पोवाड्याला नायक लागतो आणि सांगण्यासारखी कथा लागते. रॅपर बहुतेक वेळा स्वतःची साक्ष देत असतो. नातं शोधायचंच तर ते आंबेडकरी जलशाशी जास्त जवळचं आहे, जिथे सवाल विचारणारा वस्तीतलाच असतो. धारावीच्या डोपअॅडेलिक्सचं 'आई शपथ साहेब मी नव्हतो' ऐका. पोलिसासमोरची गयावया आणि त्या गयावयेतला खवचटपणा, दोन्ही त्यात आहेत. हीच मुलं २०१८ मध्ये रजनीकांतच्या 'काला'त तमिळमध्ये रॅप करताना ऐकू येतात. वस्ती एक, भाषा दोन, आणि तमिळ सिनेमाला जे दिसलं ते मराठी सिनेमाला दिसलं नाही.

तमिळनाडूत वेगळं घडलं ते उगीच नाही. दिग्दर्शक पा. रंजित यांनी २०१७ मध्ये 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा केला. नाव घेतलं जातिविरोधी तमिळ विचारवंत अयोती दास यांच्या विचारातून, चेन्नईच्या वस्त्यांतलं 'गाना' हे लोकसंगीत आणि रॅप एकत्र आणले. त्यातल्या अरिवू या रॅपरचा 'तेरुक्कुरल' हा अल्बम २०१९ चा. पाठीशी पैसा, मंच आणि वैचारिक परंपरा सांगणारी माणसं होती. तरीही 'एन्जॉय एंजामी' देशभर गाजल्यावर २०२१ मध्ये एका संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर ते गाणं लिहिणारा अरिवूच नव्हता, आणि रंजित यांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. तमिळनाडूबाहेरचं उदाहरण हवं तर काश्मीरचा रॅपर अहमर याचा 'लिटल किड, बिग ड्रीम्स' हाही २०१९ चाच. श्रीनगरमधलं बालपण इतक्या थंड सुरात सांगणारा दुसरा अल्बम मला माहीत नाही.

महाराष्ट्रात जलशाची परंपरा आहे, शाहिरी आहे, दलित साहित्यावर पन्नास वर्षं चाललेली समीक्षा आहे. तिचा एकही धागा रॅपपर्यंत आणला गेलेला नाही. रॅपरांना मुलाखतीत 'संघर्ष' विचारला जातो, यमक विचारलं जात नाही. वाईट गाणं वाईट आहे असं सांगणारं कुणी नसल्यामुळे चांगलं गाणं चांगलं का, हेही ठरत नाही.

दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती: नाटक-सिनेमाच्या परीक्षणांशेजारी एक पान रॅप अल्बमला द्या. विशीतला समीक्षक शोधा, त्याला निर्दयपणे लिहू द्या, आणि सुरुवात 'चेतावनी'पासून करा.