इंग्रजीचा तास आणि मुलाची बुद्धी

दरवर्षी शाळाप्रवेशाचे दिवस आले, की धर्मग्रामातील पालक शिफारसपत्रासाठी माझ्याकडे येतात. आईवडील दोघेही मराठी शाळेत शिकलेले असतात आणि घरात मराठीच बोलली जाते. परंतु मुलाला इंग्रजी माध्यमात घालावयाचे, हा निश्चय मात्र झालेला असतो. 'फादर, इंग्रजी आले नाही तर मुलाने पुढे करावे काय?' हा त्यांचा प्रश्न. ही चिंता खोटी नाही. मात्र इंग्रजी भाषा येणे आणि सर्व विषय इंग्रजीतून शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधण्यासाठी दुसरी पत्करावी लागते असे पालकांना वाटते, कारण मराठी शाळेतील इंग्रजीच्या तासाने त्यांची स्वतःची निराशा केलेली असते. तेव्हा तो तास कसा घ्यावा, हा आपल्या समाजाच्या भवितव्याशी निगडित असा प्रश्न आहे.

या संदर्भात एन. एस. प्रभू यांचे 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' हे १९८७ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेले पुस्तक मी अलीकडे पुन्हा वाचले. १९७९ ते १९८४ या पाच वर्षांत दक्षिण भारतातील काही शाळांमध्ये केलेल्या एका प्रयोगाची ही हकिकत व मीमांसा आहे. प्रभू त्या वेळी मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करीत होते, आणि बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेचे त्यांना सहकार्य होते. परदेशी तज्ज्ञांची मते आपल्याकडे आणण्याचा परिपाठ असताना, आपल्या गर्दीच्या वर्गातून निघालेला एक विचार जगभरच्या भाषाशिक्षकांनी अभ्यासला, हेच या पुस्तकाचे पहिले महत्त्व.

त्या काळी वाक्यरचनांच्या पद्धतीचे राज्य होते. एक रचना निवडायची, ती प्रसंगातून दाखवायची आणि वर्गाकडून घोकून घ्यायची. माझ्या पिढीने याच पद्धतीने इंग्रजी गिरविले. 'धिस इज अ पेन' हे वाक्य आम्ही शंभर वेळा म्हटले. पण पेन डोळ्यांसमोर असताना ते पेन आहे हे कोणाला आणि का सांगावयाचे, हे कधीच कळले नाही. त्या वाक्यात बुद्धीला करण्यासारखे काही नव्हते.

प्रभूंनी बोट ठेवले ते नेमके येथे. त्यांचे प्रतिपादन असे, की मन जेव्हा अर्थाशी झटत असते तेव्हाच व्याकरण नकळत आत रुजते. म्हणून त्यांनी रचनांची यादी बाजूला सारली आणि मुलांपुढे लहान लहान कोडी मांडली. आगगाडीचे वेळापत्रक द्यावे आणि अमुक वेळी अमुक ठिकाणी पोहोचायचे तर कोणती गाडी धरावी, हे विचारावे. नकाशावरून वाट काढावी. अशी एक कृती आधी शिक्षकाने सर्व वर्गासमवेत प्रश्नोत्तरांनी सोडवायची, मग तशीच दुसरी प्रत्येक मुलाने स्वतः सोडवायची. वर्गातील सुमारे निम्म्या मुलांना निम्मे तरी साधावे, इतपत ती अवघड असावी. नुसती माहिती पोहोचविण्यापेक्षा किंवा मत मांडण्यापेक्षा, दिलेल्या माहितीवरून तर्काने नवे काही काढणे त्यांना अधिक फलदायी वाटले. चूक झाली तर शिक्षकाने योग्य वाक्य सहज उच्चारून पुढे जावे. त्यावर व्याकरणाचा पाठ देत बसू नये.

हे वाचताना मला माझे सेमिनरीतील पहिले वर्ष आठवले. मराठी शाळेतून आलेला मी वाक्यपृथक्करणात तरबेज होतो, पण इंग्रजीतील व्याख्याने डोक्यावरून जात. त्या वर्षी एका वृद्ध, आजारी स्पॅनिश धर्मगुरूंच्या सेवेचे काम माझ्याकडे आले. त्यांना मराठी येत नव्हते, मला स्पॅनिश. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, डॉक्टरांनी काय बदलले, रात्री ताप किती होता, हे सारे इंग्रजीतच बोलावे लागे. चूक झाली तर गोळीच चुकणार होती! सहा महिन्यांत मी बोलू लागलो. व्याकरण त्या खोलीत कोणी शिकविले नाही. त्याच वर्षी लॅटिनची रूपे मात्र आम्ही तोंडपाठ केली, आणि लॅटिनमध्ये कोणाला तहान लागली असे विचारणे मला आजही जमत नाही.

असे असले तरी प्रभूंचे सर्व म्हणणे मला स्वीकारता येत नाही. पहिला आक्षेप मातृभाषेविषयी. त्यांनी मातृभाषेला वर्गात बंदी केली नाही, हे खरे. पण शिक्षणाचे साधन म्हणून तिला स्थानही दिले नाही. मराठी मुलाच्या चुका मराठीतूनच उगवतात. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मला ताप आहे' अशी आपली वाक्ये असतात; या सर्वांना इंग्रजीत 'हॅव' हे एकच क्रियापद लागते, ज्याच्या तोडीचे क्रियापद मराठीत नाही. 'अ' आणि 'द' यांचेही तसेच. हा भेद पाच मिनिटे मराठीतून समजावून दिला, तर वर्षभराची चाचपड वाचते. 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'ची आज थट्टा होते. तिच्यातील वाक्ये निर्जीव होती, हे मान्य; पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची तिची दृष्टी शहाणपणाची होती. प्रभूंचे कोडे आणि तर्खडकरांची तुलना एकाच तासात नांदू शकतात. ४० मिनिटांपैकी ३० कोड्याला द्यावीत आणि १० तुलनेला.

दुसरा आक्षेप पुराव्याविषयी. प्रयोगाचे मूल्यमापन बेरेट्टा आणि डेव्हिस यांनी केले. ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. रचना शिकलेली मुले रचनांच्या परीक्षेत सरस ठरली, तर प्रयोगातील मुले भाषा अर्थासाठी वापरण्यात. मूल्यमापकांनी कौल अनुकूल दिला, पण सावधपणे. शिवाय प्रयोगातील बरेच शिक्षक निवडक आणि अधिक तयारीचे होते. नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धत आपलीशी करणे जड गेले, असे पुढील अभ्यासातही आढळले. ज्याचे स्वतःचे इंग्रजी डळमळीत आहे, त्याला पाठ्यपुस्तकाची काठी सोडून मुलांच्या अनपेक्षित उत्तरांना सामोरे जाण्याची भीती वाटणारच.

मोठेपणाची गोष्ट अशी, की या अडचणीचा खोल विचार पुढे प्रभूंनीच केला. १९९० साली लिहिलेल्या एका निबंधात, सर्वोत्तम अशी पद्धत का नाही, याची त्यांनी चर्चा केली. शिकविण्यातून शिकणे कसे घडते याविषयी शिक्षकाची स्वतःची एक जिवंत धारणा असावी लागते. ती नसेल तर कोणतीही पद्धत यांत्रिक होते, असा त्या निबंधाचा आशय. स्वतःच्याच प्रयोगाला अंतिम सत्य न मानण्याचा हा प्रांजळपणा दुर्मीळ आहे. मला तर प्रभूंच्या साऱ्या लेखनात हा विचार सर्वांत टिकाऊ वाटतो.

आपल्या राज्यात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. २००० सालापासून ते पहिलीपासून आले. वर्षे वाढली, पण त्या वाढलेल्या वर्षांत मुलाने इंग्रजीतून काय करावे, याचा विचार तितका वाढला नाही. माध्यम बदलल्यानेही तो आपोआप होत नाही. घरी कोणी इंग्रजी बोलत नसताना विज्ञान आणि इतिहास इंग्रजीतून घोकणारे मूल माझ्या धर्मग्रामात मी पाहतो. त्याला 'धिस इज अ पेन'च्या जागी प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ असते, एवढाच फरक. बुद्धी दोन्हीकडे उपाशीच.

शिफारसपत्र मी लिहून देतो. ते नाकारण्याचा अधिकार मला नाही. परंतु आता पालकांना एक विनंतीही करतो. शाळा मराठी असो वा इंग्रजी, तेथे जाऊन एवढेच विचारा : 'आमच्या मुलाला इंग्रजीच्या तासाला विचार करायला लागेल असे काय देता?' ज्या शिक्षकाजवळ याचे उत्तर असेल, त्याच्या हाती मूल सोपवावे. आणि आपल्या मराठी शाळांतील शिक्षकांजवळ ते असावे, यासाठी त्यांच्या इंग्रजीला आणि त्यांच्या आत्मविश्वासाला बळ देण्याचे काम धर्मग्रामानेही आपले मानावे. इमारतीला रंग देण्याहून ते अवघड आहे, पण अधिक निकडीचे आहे.