ब्रह्मपुरीची टेकडी आणि धातुशोधक यंत्र : एक परीक्षण

जुन्या वाड्यांच्या परसांत, गडांच्या माच्यांवर आणि नदीकांठच्या पांढरींवर कानाला यंत्र लावून फिरणारी मंडळी अलीकडे वारंवार दृष्टीस पडूं लागली आहे. हातांत लांब दांडी, दांडीच्या टोंकास थाळीएवढें चक्र, आणि चक्राखालीं धातु आला कीं कानांत वाजणारी शीळ, असें हें साधन आहे. त्यास धातुशोधक यंत्र किंवा नुसतें ‘डिटेक्टर’ म्हणतात. ही सारी मंडळी लोभी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तींतील कित्येकांस जुन्या नाण्यांचा खरा नाद आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सरकारी खातें येथें खोदणार नाहीं, विद्वान् येणार नाहींत, आणि नाणें मात्र मातींत कुजत राहील. तेव्हां आम्ही तें वर काढलें तर इतिहासाची सेवाच झाली. हें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड वाटतें. तें कोल्हापूरच्याच मातीवर घांसून पाहावें असें आम्ही योजिलें आहे. कारण या वादाच्या दोन्ही बाजू एकाच जागीं दाखविणारें स्थळ कोल्हापुरांत आहे, आणि तें म्हणजे ब्रह्मपुरीची टेकडी.

पंचगंगेच्या कांठीं शहरास लागून असलेली ही टेकडी म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांच्या वस्तीचा ढिगारा होय. इ. स. १८७० नंतरच्या दशकांत कोल्हापुरांत शिशाच्या व मिश्रधातूच्या नाण्यांचा एक मोठा संचय हातीं आला. त्या नाण्यांवर एका बाजूस टेकडी व झाड आणि दुसऱ्या बाजूस धनुष्यबाण अशीं चिन्हें असून वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर अशीं तीन राजांचीं नांवें आहेत. या तिघांचा एकही शिलालेख उपलब्ध नसतां त्यांचा अनुक्रम कसा ठरला, हें पाहण्यासारखें आहे. कांहीं नाण्यांवर जुना ठसा पुरता न मोडतां त्यावरच नवा ठसा मारलेला होता. सिवलकुराचा ठसा पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यावर, आणि गोतमिपुताचा ठसा त्या दोघांच्याही नाण्यांवर पडलेला दिसला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या चोखंदळ दृष्टीच्या संशोधकानें त्यावरून पहिला कोण, मागाहूनचा कोण हें सिद्ध केलें. पुढें रॅप्सन यांनीं १९०८ च्या आपल्या नाणेसूचींत तोच क्रम ग्राह्य धरिला. टॉलेमीच्या भूगोलांत हिप्पोकुर नगरीचा जो ‘बलिओकुरोस’ राजा येतो, तो यांच्यापैकींच विळिवायकुर असावा असें पुष्कळांचें मत आहे. म्हणजे एका राजवंशाचा क्रम शिशाच्या तुकड्यांवरील पुसट खुणांवर उभा आहे! सोनार ज्यास मोडीच्या भावानेंही हात लावणार नाहीं, तो हा धातु.

येथें आम्हांस एक प्रसंग आठवतो. एक गृहस्थ कांहीं जुनीं नाणीं आम्हांस दाखवावयास घेऊन आले. त्यांनीं तीं आदल्या रात्रीं चिंचेच्या कोळांत बुडवून, राखेनें घांसून, देवघरांतल्या पळी-पंचपात्राप्रमाणें लखलखीत करून आणिलीं होतीं. दोन शिवराया होत्या, त्यांवरील ‘श्री राजा शिव’ हीं अक्षरें अर्धवट उरलीं होतीं. बाकीच्या दोन तांबड्या चकत्यांवर कांहींच उरलें नव्हतें. कोठें मिळालीं असें विचारतां ‘पन्हाळ्याच्या बाजूस’ एवढेंच उत्तर मिळालें. किती खोल, सोबत आणखी काय होतें, मातींत राख होती कीं चुना, यांपैकीं कांहीं त्यांस सांगतां आलें नाहीं. आणि खरें म्हणजे त्यांनीं तिकडे पाहिलेंच नव्हतें. गृहस्थ सुशिक्षित व सज्जन होते. दोष त्यांच्या स्वभावाचा नव्हे, रीतीचा आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, यंत्रवाल्यांसच कां बोल लावावा? ब्रह्मपुरीचा सर्वांत प्रसिद्ध ठेवा तरी कोणत्या रीतीनें बाहेर आला? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळणें आम्हांस शोभणार नाहीं. १९४४-४५ सालीं राजाराम कॉलेजांतील कानडीचे प्राध्यापक आणि शिलालेखांचे गाढे अभ्यासक प्रो. कुंदणगार यांच्या देखरेखीखालीं या टेकडीवर खोदकाम झालें. त्यांत एका विटांच्या घराच्या अवशेषांत धातूच्या वस्तूंचा मोठा संचय मिळाला. ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडन याची वीतभरही उंच नसलेली कांस्यमूर्ति, पर्स्युस व अँड्रोमेडा यांच्या कथेचें उठावाचें चक्राकार फलक, रोमन घडणीचा जलकुंभ, तसेंच आपल्याकडील घडणीचा, पाठीवर स्वार बसलेला चिमुकला हत्ती, अशा या वस्तूंनीं कोल्हापूरचें नांव देशोदेशींच्या विद्वानांच्या तोंडीं नेलें. आज त्या टाऊन हॉलमधील संग्रहालयांत आहेत, आणि ज्यानें त्या पाहिल्या नाहींत त्यानें पाहाव्या. परंतु त्या वस्तु मातींत कोणत्या थरावर, कोणत्या मडक्या-विटांच्या संगतींत होत्या याची बारीक नोंद नसल्यामुळें पुढील विद्वानांस शैलीच्या आधारावरच चाचपडावें लागलें. कार्ल खंडालावाला यांनीं १९६० सालीं ‘ललित कला’ नियतकालिकांत या ठेव्याचा पुन्हां सविस्तर विचार केला. रिचर्ड डी प्यूमा यांनीं १९९१ सालीं त्यांतील रोमन वस्तु निवडून त्यांवर स्वतंत्र लिहिलें. एवढी विद्वत्ता खर्चूनही घरमालकानें या वस्तु केव्हां व कां एकत्र ठेविल्या, हा साधा प्रश्न उरतोच. प्रो. कुंदणगारांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. त्यांनीं लक्ष घातलें नसतें तर पोसायडन एखाद्या तांबटाच्या मुशींत गेला असता. तथापि शोधाचें मोल आणि नोंदीची उणीव या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या असूं शकतात.

त्याच्या पुढच्याच हंगामांत, म्हणजे १९४५-४६ सालीं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं त्याच टेकडीवर शास्त्रशुद्ध उत्खनन केलें व त्याचा वृत्तान्त १९५२ सालीं प्रसिद्ध केला. या वृत्तान्तांत पोसायडनासारखी डोळे दिपविणारी वस्तु नाहीं. वाचक प्रथम कंटाळतोही. मडक्यांचे कांठ, विटांचीं मापें, मणी, बांगड्यांचे तुकडे, थरांच्या आकृति, हेंच सारें. परंतु ब्रह्मपुरीच्या वस्तीविषयीं आज आपण जें निश्चयानें बोलूं शकतों, तें बहुतांशीं याच रुक्ष पानांच्या बळावर. खालीं सातवाहनकाळच्या संपन्न, विटांच्या घरांची वस्ती. वर बऱ्याच काळानंतरचा बहामनी थर. हा क्रम मातीनें स्वतः सांगितला आहे. बहामनी थरांतील रंगीबेरंगी कांचेच्या बांगड्यांवरून डॉ. दीक्षितांनीं भारतीय कांचकामाच्या इतिहासांत कोल्हापुरास मानाचें स्थान दिलें. आतां हें ध्यानांत घ्यावें कीं, बांगडीवर सन-साल कोणी लिहीत नाहीं. त्याच थरांत मिळणारें तांब्याचें नाणें तिला काळ देतें. तें नाणें कोणी शिळेच्या इशाऱ्यावर आधींच उपटून नेलें असतें, तर नाणें एका पेटींत पोंचलें असतें आणि शेंकडों बांगड्या कायमच्या मुक्या झाल्या असत्या. ‘आम्ही फक्त नाणें घेतों, बाकी कांहीं हालवीत नाहीं’ असें जे म्हणतात, त्यांस आमचें उत्तर हेंच.

यंत्राच्या अंगच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण जाहिरातींत त्या नसतात. चक्रांतून वाहणाऱ्या विजेनें भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्यायोगें जमिनींतील धातूंत क्षीण प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल चक्रास लागते. इतकेंच त्याचें रहस्य. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहांतील गोळी शोधण्यास ग्रॅहॅम बेल यांनीं असेंच यंत्र योजिलें, पण गोळी कांहीं सांपडली नाहीं. खाटेच्या लोखंडी स्प्रिंगांनीं त्यांस फसविलें असें सांगतात! एकट्या नाण्याची चाहूल सामान्य यंत्रास सुमारें वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंत लागते. ब्रह्मपुरीचा सातवाहन थर त्याच्या कितीतरी खालीं. म्हणजे यंत्रवाल्याच्या हातीं वरच्या थरांतील शिवराया, खिळे, नाल, आणि शीतपेयांच्या बाटल्यांचीं झांकणें लागणार. त्यांतही खिळ्यांचा त्रास नको म्हणून बहुतेक जण लोखंडाची शीळ बंद करून ठेवितात. बाणाचें फळ, कुलुपाची किल्ली, नांगराचा फाळ यांस यंत्र तेव्हां बहिरें होतें. मातीचें मडकें, कांच व हाड यांस तर तें जन्मतःच बहिरें आहे.

गुप्तधनाचा हव्यास आपल्याकडे जुना आहे. पायाळू मनुष्यास जमिनींतलें धन दिसतें, हंड्यावर भुजंग बसलेला असतो, या समजुती घरोघर ऐकिवांत आहेत. आणि त्यांतून निष्पाप जीवांचे बळी गेल्याचीं उदाहरणेंही महाराष्ट्रानें पाहिलीं आहेत. १९७२ ते १९७४ मधील मानवतचें हत्याकांड अद्याप विसरलें गेलेलें नाहीं. आतां पायाळू माणसाच्या जागीं यंत्र आलें, हा बदल एका परीनें बराच म्हणावयाचा! परंतु मूळ वृत्ति तीच. २०२५ च्या फेब्रुवारींत ‘छावा’ हा बोलपट झळकला, आणि मार्चच्या आरंभीं खानदेशाच्या सीमेवरील बऱ्हाणपूर जिल्ह्यांत असीरगडाच्या पायथ्याशीं शेंकडों लोक रात्रीं विजेऱ्या व धातुशोधक यंत्रें घेऊन मोगली मोहोरांसाठीं शेतें खणूं लागले, असें वर्तमानपत्रांत आलें. शेवटीं पोलिसांस मध्यें पडावें लागलें. कोणास कांहीं मोहोरा मिळाल्या असतील वा नसतील. त्या शेतांची वरची माती मात्र कायमची कालवली गेली.

कायद्याकडे पाहूं जातां तोही पुरता निर्दोष नाहीं. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा सांगतो कीं, दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास तें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें; न कळविणाऱ्यास वर्षापर्यंत कैद वा दंड. मालक न निघाल्यास शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश, अशी वांटणीही त्यांत आहे. परंतु सरकारनें तें धन स्वतःकडे घ्यावयाचें ठरविलें तर मोबदला कशाचा? धातूच्या किंमतीचा, आणि वर तिच्या एक पंचमांशाचा. सोन्याच्या होनास हें ठीक. विळिवायकुराच्या शिशाच्या नाण्यास या हिशेबानें काय मिळणार? चार आणे! ज्या नाण्यावर एका राजवंशाचा क्रम अवलंबून, तें प्रामाणिकपणें आणून देणाऱ्याच्या हातावर चार आणे, आणि चोरून विकणाऱ्यास संग्राहकाकडून शंभरपट दाम. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांपूर्वींच्या वस्तूंचा व्यापार परवान्याखालीं आणिला व त्यांची परदेशीं निर्यात खाजगी माणसास बंद केली. १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्थळीं परवान्यावांचून खोदणें वर्ज्य झालें. परंतु खाजगी वाड्याच्या परसांत, शेताच्या बांधावर, प्रामाणिकपणास उत्तेजन देणारी तरतूद यांतून निघत नाहीं. मोबदला ऐतिहासिक मोलावर ठरावा, ही दुरुस्ती आमच्या मतें फार पूर्वींच व्हावयास हवी होती.

यावर इंग्लंडचा दाखला नेहमीं पुढें केला जातो. तेथें १९९६ च्या कायद्यानें बाजारभावानें बक्षीस मिळतें, आणि १९९७ पासून साध्या नाण्याबिल्ल्याचीही जागेसह नोंद करून घेणारी एक योजना चालू आहे. २००९ सालीं स्टॅफर्डशरच्या एका शेतांत यंत्रानेंच मिळालेल्या सोन्याच्या संचयाबद्दल बत्तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम शोधणारा व शेतकरी यांच्यांत वांटली गेली. यांतील नोंदीची पद्धत घेण्याजोगी आहे. सरसकट मोकळीक मात्र आम्हांस मान्य नाहीं. इंग्लंडांतील या वस्तु मुख्यत्वें नांगरटीनें आधींच उलथलेल्या मातींतून येतात. आपल्याकडे लोकांचें मन वाड्याच्या जोत्याकडे, गडाच्या सदरेकडे व टेकाडाकडे धांवतें, म्हणजे जेथें थर शाबूत असण्याचा संभव अधिक तेथेंच. पन्हाळगड तर २०२५ सालीं मराठ्यांच्या दुर्गांच्या मालिकेंत जागतिक वारशाच्या यादींत गेला आहे.

यंत्र मुळांतच त्याज्य, असा मात्र आमचा पक्ष नाहीं. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्न येथें १८७६ सालीं लढाई झाली. १९८३ सालीं वणव्यानें तेथील गवत जळालें, तेव्हां पुढील दोन वर्षांत पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं यंत्रवाल्यांच्याच रांगा करून तें रण पालथें घातलें. फरक एवढाच कीं, शीळ वाजली तेथें प्रथम झेंडी रोविली, मग जागा मोजून नकाशावर घातली, आणि मग वस्तु उचलली. काडतुसांवरील खुणांवरून एकेक बंदूक रणांत कशी सरकत गेली हेंही सांगतां आलें. जुलै १६६० मध्यें पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जी धांव झाली, त्या वाटेची व घोडखिंडीच्या परिसराची अशी शिस्तबद्ध पाहणी, योग्य परवान्यानें व तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं, कां होऊं नये? पाऊस, ओढे व लोकांची वर्दळ यांनीं बरेंच वाहून गेलें असेल. तरीहि यंत्राचा नाद असलेल्या तरुणांस तेथें मानाचें काम देतां येईल, आणि त्यांच्या चिकाटीचा उपयोगही होईल.

तोंवर वाड्यांच्या मालकांस आमची विनंति इतकीच कीं, पाया किंवा हौद खणतांना एखादें नाणें, बिल्ला अथवा भांडें वर आलें तर काम क्षणभर थांबवावें. चौकाच्या कोणत्या अंगास, भिंतीपासून किती हात, जमिनीखालीं किती खोल, सोबत खापऱ्या, कोळसा, विटा काय होतें, हें एका कागदावर टिपून ठेवावें. बनल्यास मोबाईलवर जागेचें छायाचित्र घ्यावें. लगतच्या खापऱ्या फेंकूं नयेत. आणि जिल्हाधिकाऱ्यास कळवावें. नाण्यास चिकटलेली माती तशीच असूं द्यावी. चिंच, राख, लिंबू यांपैकीं कांहींही त्यास लावूं नये.