भयपट आणि एक ऑर्गनवादिका

'भयपट' हा शब्द उच्चारला की आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. वडीलधारी मंडळी नाक मुरडतात आणि तरुण मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. आम्ही स्वतः अनेक वर्षे पहिल्या गटात मोडत होतो. भुताखेतांचे चित्रपट म्हणजे अंधश्रद्धेचा बाजार, असे मत आम्ही प्रवचनातूनही मांडले आहे. ते मांडताना त्यांपैकी एकही चित्रपट आम्ही धड पाहिलेला नव्हता, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. न वाचता पुस्तकावर आणि न पाहता चित्रपटावर अभिप्राय देणे हा टीकेचा धर्म नव्हे. म्हणून अल्प खर्चात निर्माण झालेले काही जुने भयपट आम्ही मुद्दाम पाहिले. त्यांतल्या एकाने आमची झोप उडवली. पण ती भुताच्या भीतीने नव्हे.

आपल्याकडे या प्रकाराचे नाव निघाले की रामसे बंधू आठवतात. त्यांनी आपला 'दो गज जमीन के नीचे' हा १९७२ सालचा चित्रपट महाबळेश्वरी चित्रित केला. नामांकित नट नाहीत, भव्य देखावे नाहीत. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन ही कामे भावाभावांनी वाटून घेतलेली. याच घरगुती कारखान्यातून १९८४ साली 'पुराना मंदिर' आला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. धुके, ओसाड हवेली, करकरणारे दार आणि अनिरुद्ध अग्रवाल यांनी उभा केलेला उंचापुरा सामरी, एवढ्या भांडवलावर प्रेक्षक घाबरत होते, आणि शेजारचाही घाबरलेला पाहून सुखावत होते. काळोखात शेकडो माणसांनी एकदम श्वास रोखणे यात एक निरागस आनंद असतो, तो आम्ही नाकारीत नाही.

या चित्रपटांच्या उणिवा मात्र ठळक आहेत. कथेशी संबंध नसलेला बाष्कळ विनोद, ओढूनताणून आणलेली गाणी आणि स्त्रीदेहाचे ओंगळ प्रदर्शन यांनी त्यांचा अर्धा वेळ खाल्ला आहे. परंतु आम्हास त्याहून मोठी वाटणारी उणीव वेगळीच आहे. पवित्र चिन्ह हे येथे केवळ हत्यार होऊन जाते. त्रिशूळ समोर धरला की राक्षस मागे हटतो. धरणाऱ्याचे अंतःकरण कसे आहे, हा प्रश्न उद्भवतच नाही. हा दोष केवळ आपल्या चित्रपटांचा नाही. इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या १९५८ सालच्या 'ड्रॅक्युला'त नायक दोन मेणबत्तीदाण्या आडव्याउभ्या जुळवून क्रूस करतो आणि रक्तपिपासू सरदार हतबल होतो. दृश्य चटकदार आहे, पण त्यातला क्रूस हा प्रभूचा क्रूस नसून एक तोडगा आहे. आणि आपणही कधीकधी पवित्र पाण्याची बाटली व गळ्यातले पदक याच भावनेने बाळगतो, हे वाचकांनी मनाशी कबूल करावे.

आता ज्या चित्रपटासाठी ही लेखणी उचलली त्याकडे वळतो. 'कार्निव्हल ऑफ सोल्स' हा १९६२ सालचा अमेरिकन कृष्णधवल चित्रपट. दिग्दर्शक हर्क हार्वी हे कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावच्या एका कंपनीत शैक्षणिक व औद्योगिक माहितीपट करीत असत. यूटा राज्यातील खाऱ्या सरोवराच्या काठी उभा असलेला 'सॉल्टएअर' नावाचा ओसाड करमणूक-मंडप प्रवासात त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यातून या चित्रपटाची कल्पना सुचली. सहकारी जॉन क्लिफर्ड यांनी कथा लिहिली. सुमारे तेहतीस हजार डॉलर आणि तीनएक आठवडे एवढ्यात काम उरकले. पांढऱ्याफटक चेहऱ्याचे भूत स्वतः दिग्दर्शकच झाले. चित्रपट चालला नाही आणि हार्वी यांनी पुन्हा कथापट केला नाही. पुढे दूरचित्रवाणीवर रात्री-अपरात्री तो पाहणाऱ्यांच्या मनात मात्र तो घर करून राहिला आणि १९८९ साली पुन्हा पडद्यावर आला.

कथा थोडक्यात अशी : पुलावर मोटारींची शर्यत लागते आणि एक मोटार नदीत कोसळते. बऱ्याच वेळाने आतली एक तरुणी, मेरी हेन्री, चिखलाने माखलेली वर येते. ती व्यवसायाने ऑर्गनवादिका आहे. दूरच्या गावी चर्चमध्ये तिला नोकरी मिळालेली असते, तिकडे ती निघून जाते. वाटेत मोटारीच्या काचेत तिला एक फिकट चेहरा दिसतो, आणि तो मग तिची पाठ सोडीत नाही.

चित्रपटात उणिवा पुष्कळ आहेत. काही ठिकाणी ओठ आणि शब्द जुळत नाहीत. दुय्यम पात्रे पाठ केल्यासारखी बोलतात. डॉक्टर महाशय जे समजावून सांगतात ते आपणास अगोदरच उमगलेले असते. शेजारच्या खोलीतील लोचट भाडेकरूचे प्रसंग लांबले आहेत. पण दारिद्र्याने जे हिरावून नेले त्याची भरपाईही दारिद्र्यानेच केली आहे. भव्य वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून पार्श्वसंगीताला जवळजवळ एकटा ऑर्गन आहे. आणि त्यामुळे उपासनेचे वाद्यच भयाचे वाद्य बनते. एका प्रसंगी मेरी दुकानात कपडे पाहत असताना अचानक सर्व आवाज नाहीसे होतात. ती विक्रेतीशी बोलते, पण कोणी तिच्याकडे पाहत नाही, कोणाला ती ऐकू येत नाही. राक्षस नाही, रक्त नाही. केवळ आवाज काढून घेतला आहे. नरक म्हणजे देवापासून आणि माणसांपासून कायमचे तुटणे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ते अंगावर काटा आणून दाखवणारे इतके साधे दृश्य आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

मेरीच्या दृष्टीने चर्च हे केवळ कामाचे ठिकाण आहे. ऑर्गनच्या कारखान्यातला मालक तिला सुचवतो की वादनात थोडा जीव ओत. नव्या गावचे धर्मगुरू तिच्या स्वागतासाठी छोटा मेळावा भरवू पाहतात. तिला तो नको असतो. तिची बोटे अचूक चालतात, पण अंतःकरण कुठेच नाही. कँडेस हिलिगॉस या नटीचा चेहरा काहीसा थंड आणि ताठर आहे. एरवी हा अभिनयाचा दोष ठरता. येथे तोच भूमिकेचा प्राण झाला आहे. अखेरीस नदीतून मोटार वर काढली जाते तेव्हा तिचा मृतदेह आतच असतो. म्हणजे सबंध चित्रपटभर जी चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत होती ती जिवंत नव्हतीच. प्रकटीकरणाच्या पुस्तकात सार्दीस येथील मंडळीला जो इशारा दिलेला आहे, त्याची आठवण येथे अपरिहार्यपणे होते.

आमची झोप मात्र दुसऱ्याच प्रसंगाने उडवली. एकटी सराव करीत असताना मेरीचे वादन हळूहळू विचित्र, भेसूर होत जाते. धर्मगुरू धावत येतात, तिचे हात दाबून धरतात, पवित्र स्थानाचा अवमान झाला म्हणून संतापतात आणि तिला राजीनामा द्यायला सांगतात. चर्चकडे पाठ फिरवू नकोस, आम्ही साहाय्य करू, असेही ते म्हणतात; पण तोवर दार लोटले गेलेले असते. त्यांचा एकही शब्द चुकीचा नाही. तिला नेमके काय झाले आहे, हे मात्र ते विचारीत नाहीत.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात मिस्साच्या वेळी पेटी वाजवणाऱ्या एका तरुणाचे वादन बेताल होऊ लागले होते. आम्ही त्याला उपासनेचे पावित्र्य समजावून सांगितले आणि ती जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवली. निर्णय योग्यच होता. त्याच्या घरी आजारपण चालू असून तो रात्र-रात्र जागा असतो, हे आम्हास नंतर कळले. तो पुन्हा गायनवृंदात आला नाही. त्या पडद्यावरील धर्मगुरूंच्या चेहऱ्यात आम्हास आमचा चेहरा दिसला, आणि मोटारीच्या काचेतील भुतापेक्षा तो अधिक भयंकर वाटला.

समाज-संपर्काच्या साधनांविषयी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली जो आदेश काढला, त्यात नैतिक संयम राखून केलेल्या पापाच्या चित्रणामुळे मानवाचे अधिक खोल ज्ञान होऊ शकते, असे मान्य केले आहे. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने उल्लेखनीय चित्रपटांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत मुर्नाऊ यांचा 'नोस्फेराटू' हा १९२२ सालचा मूक भयपटही आहे. तेव्हा सरसकट नाक मुरडण्याचे कारण नाही. लहान मुलांना हे चित्रपट दाखवू नयेत, आणि ज्यांत केवळ अश्लीलता व रक्तपात आहे ते कोणीच पाहू नयेत, असे आमचे मत कायम आहे. पण 'कार्निव्हल ऑफ सोल्स' मोठ्या मुलामुलींबरोबर पालकांनी अवश्य पाहावा आणि नंतर दिवा लावून त्यावर बोलावे. चांगला भयपट आपल्याला भुतावर विश्वास ठेवायला सांगत नाही. आपण जिवंत आहोत ना, एवढेच तो विचारतो. येत्या रविवारी वेदीपाशी उभे राहताना हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारणार आहोत. आणि मिस्सा झाल्यावर त्या पेटीवादकाच्या घरी जाणार आहोत.